लाल भोपळ्याचे मफिन : प्रथिनं नेमकी कुठून येतात?

डबेवाली_ठाणे (धागाकर्ती)

लाल भोपळ्यात शंभर ग्रॅममागे जेमतेम एक ग्रॅम प्रथिनं असतात. बाकी नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘हाय प्रोटीन पंपकिन मफिन’चे जे व्हिडिओ फिरतायत त्यात भोपळ्याचा गर ओतताना असा काही थाट असतो, जणू सगळी ताकद त्यातूनच येणार. येत नाही. ती येते अंडी, चक्का, डाळं आणि बिया यांतून.

मग भोपळा कशाला? ओलाव्यासाठी. एरवी मफिनला अर्धी वाटी तेल किंवा लोणी सहज लागतं, ते भोपळ्यामुळे दोन चमच्यांवर येतं. आणि ओट्स, डाळं अशी कोरडी पिठं घालूनही घास तोंडात फिरत राहत नाही. रंग सुरेख येतो, थोडी गोडीही त्याचीच.

घरात जिमला जाणारा एक चिरंजीव, संध्याकाळी पाचला कँटीनच्या वड्याकडे ओढली जाणारी एक मी, आणि ‘केक म्हणजे मैदा’ असं ठाम मत असलेल्या सासूबाई. तिघांनाही चालतील असे हे मफिन आहेत. मैदा नाही, व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची भुकटी) नाही, किराणा दुकानात न मिळणारं काही नाही.

साहित्य (१२ मध्यम मफिन)
लाल भोपळ्याचा शिजवून आटवलेला गर २५० ग्रॅम (साधारण अर्धा-पाऊण किलोची फोड आणा)
अंडी ३
चक्का २०० ग्रॅम (अर्धा किलो दही रात्रभर टांगलं की एवढा निघतो)
ओट्सचं पीठ १२० ग्रॅम (साधे ओट्स मिक्सरला फिरवून)
पंढरपुरी डाळ्याचं पीठ ८० ग्रॅम
सोललेल्या भोपळ्याच्या बिया ४० ग्रॅम
गुळाची पावडर ९० ग्रॅम
बिनवासाचं तेल २ मोठे चमचे
बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर
दालचिनी पूड १ छोटा चमचा, सुंठ अर्धा, जायफळ किसून, दोन लवंगा कुटून

सगळं यश गरावर आहे, म्हणून तिथेच वेळ घालवा. भोपळ्याच्या मोठ्या फोडी सालासकट कुकरच्या भांड्यात ठेवायच्या, भांड्यात पाण्याचा थेंब नाही. दोन-तीन शिट्ट्या. भांड्यात सुटलेलं पाणी निथळून घ्या (आमटीत जातं), चमच्याने गर काढा, घोटा आणि मग तो जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर परता. आधी नुसता रटरटतो आणि हातावर उडतो, जपा. थोड्या वेळाने रंग गडद होतो. उलथन्याने कढईच्या तळाशी एक रेघ ओढायची. रेघेत लगेच पाणी भरलं तर अजून परता. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंचा गर जागचा हलला नाही, की झाला. वजन यानंतर करायचं, आधी नाही.

गर पूर्ण गार झाल्यावर अंडी, चक्का, गूळ, तेल आणि गर एकत्र फेटा. कोरडं सगळं दुसऱ्या भांड्यात चाळून घ्या, डाळ्याच्या पिठाला गुठळ्या असतातच. दोन्ही मिसळून दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा, ओट्स पाणी पितात. सोडा आणि बेकिंग पावडर अगदी शेवटी. पीठ चमच्यातून धारेने सांडता कामा नये, गोळ्याने पडलं पाहिजे. वर बिया पेरा, थोड्या आत.

ओटीजी १८० अंशांवर दहा मिनिटं तापवून, मधल्या जाळीवर, खालची-वरची दोन्ही कॉइल चालू ठेवून २०-२२ मिनिटं. वरून बोट दाबलं की परत उसळलं पाहिजे. कागदी कप वापरत असाल तर आतून तेलाचं बोट फिरवा. तेल कमी असल्यामुळे नाहीतर अर्धा मफिन कागदालाच राहतो.

हिशेब, ज्यासाठी धागा काढला: गर ३ ग्रॅम, अंडी १८, चक्का १५, ओट्स १५, डाळं १७, बिया १२. एकूण ८० ग्रॅम प्रथिनं. भागिले बारा, म्हणजे एका मफिनला पावणेसातच्या जरा आत. उष्मांक साधारण १७०. म्हणजे एका अंड्याइतकी प्रथिनं. ‘एका मफिनमध्ये १५ ग्रॅम’ असं कोणी सांगितलं तर आधी मफिनचा आकार बघा आणि मग डब्यातली पावडर.

---

चिमूटभर_जायफळ

वाखुसा (वाचनखूण साठवली)! फोटो का नाहीत पण? आणि एक शंका, डाळ्याऐवजी बेसन चालेल ना? घरात डबा भरून पडलंय.

---

डबेवाली_ठाणे

फोटो काढायला मफिन उरायला हवेत.

बेसन चालतं पण कच्चं घालू नका. भाजताना कितीही काळजी घेतली तरी मफिनच्या मधल्या भागात कच्च्या बेसनाचा तो कडवट वास राहतो, आणि दालचिनीसुद्धा तो झाकू शकत नाही. लाडवाला भाजतो तसं मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत कोरडं भाजा, गार करा, मग वापरा. डाळं मुळातच भाजलेलं, म्हणून मी त्याच्यामागे. प्रथिनं दोन्हींत सारखीच, शंभराला २०-२२ ग्रॅम.

आणि बेसन घातलं म्हणून सवयीने हळद टाकू नका. सोड्याबरोबर हळद लाल होते. पिवळ्याधमक मफिनवर विटकरी ठिपके दिसले की घरचे हात लावत नाहीत.

---

वऱ्हाडी_ठेचा

ताई, एक अंड्याइतकी प्रथिनं असतील तर मी सरळ एक अंडं उकडून खाल्लं तर? दहा मिनिटांत काम होते. कोहळ्याची (लाल भोपळ्याला आम्ही कोहळंच म्हणतो) आमच्याकडे फोडणी घालून मस्त भाजी होते, त्याला ओव्हनमध्ये कोंबायची काय गरज आहे ते समजत नाही. ह.घ्या.

---

डबेवाली_ठाणे

घेतलं हलकंच. उकडलेलं अंडं जिंकतंच, वाद नाही. पण पाच वाजता ऑफिसात डब्यातून उकडलेलं अंडं काढून बघा, शेजारचा टेबल बदलून मागेल.

---

साखरझोप

@वऱ्हाडी_ठेचा, ज्यांच्या घरी भोपळा म्हटल्यावर नाक मुरडणारी दोन कार्टी आहेत त्यांना ही पाकृ कळेल. आमच्याकडे भाजी ताटात तशीच राहते. हे मात्र ‘ऑरेंज केक’ म्हणून संपले. नाव सांगितलेलं नाही अजून.

शंका: वाटीत मापं द्याल का? वजनकाटा नाही.

---

डबेवाली_ठाणे

तुमची वाटी आणि माझी वाटी यांत दोन मफिनांचा फरक पडेल. बाजारात मिळणारे मापाचे कप असतील तर अंदाज असा: गर एक कप, चक्का पाऊण कपाच्या वर थोडा, ओट्सचं पीठ सव्वा कप, डाळ्याचं पाऊण कप, गूळ पावडर अर्धा कप. पण खरंच सांगते, प्रथिनं मोजायची असतील तर काटा घ्याच. कपात पीठ दाबून भरलं की हिशेब गेला.

---

आकडेमोड

हिशेब तपासला, बरोबर आहे. शीर्षकात ‘हाय प्रोटीन’ लिहिलं नाहीत याबद्दल अभिनंदन, कारण ते बसलं नसतं.

युरोपीय संघाचा २००६ सालचा नियम असा की खाद्यपदार्थावर ‘प्रथिनांचं प्रमाण जास्त’ असं छापायचं तर त्याच्या एकूण ऊर्जेपैकी किमान २० टक्के ऊर्जा प्रथिनांतून यायला हवी. ‘प्रथिनांचा स्रोत’ म्हणायला १२ टक्के पुरतात. तुमचा मफिन: ६.७ गुणिले ४ म्हणजे २७ कॅलरी, भागिले १७०, साधारण १६ टक्के. म्हणजे स्रोत आहे, जास्त नाही. मला ही पद्धत आवडते, कारण नुसते ‘ग्रॅम प्रति मफिन’ सांगितले की मफिन मोठा करून कोणीही आकडा फुगवू शकतो. टक्केवारी आकाराने बदलत नाही.

याच मोजमापाने बियांकडे बघा. भोपळ्याच्या बियांत शंभराला ३० ग्रॅम प्रथिनं, ऐकायला जबरदस्त. पण साडेपाचशेच्या वर कॅलरी, बहुतेक स्निग्धांशाच्या. म्हणजे टक्केवारी २०-२२. अंड्याची ३५ च्या आसपास. बिया वाढवत नेल्या तर ग्रॅम वाढतील, कॅलरीही तितक्याच धावतील.

---

डबेवाली_ठाणे

हे धाग्यात यायलाच हवं होतं. आभार. म्हणूनच बिया ४० ग्रॅमवर थांबवल्यात, शिवाय महाग!

बियांवरून आठवलं. घरी आणलेल्या भोपळ्यातल्या बिया धुऊन वाळवून थेट टाकू नका, त्यांचं पांढरं टरफल चिवट असतं, मफिनमध्ये नखासारखं दाताखाली येतं. दुकानातल्या हिरव्या बिया सोललेल्या असतात. वरचा ३० चा आकडाही सोललेल्या गराचाच.

---

बायसेप्स_आणि_बटाटेवडा

मग २० टक्के गाठायला काय करायचं? माझ्याकडे व्हेचा डबा आहे. एक स्कूप घातला तर?

---

आकडेमोड

३० ग्रॅमचा स्कूप, त्यात साधारण २४ ग्रॅम प्रथिनं. तेवढंच ओट्सचं पीठ कमी केलं तर ४ ग्रॅम जातात. निव्वळ २० ची भर, एकूण १००, एका मफिनला ८.३. कॅलरी तेवढ्याच, म्हणजे साडेएकोणीस टक्के. गूळ ९० चा ७० ग्रॅम केलात की २० टक्क्यांची रेघ ओलांडता. व्हेमध्ये बहुधा गोडी असतेच, त्यामुळे गूळ कमी केलेला कळणारही नाही.

---

तूप_सुटेपर्यंत

मी घरगुती ऑर्डरी घेते, व्हेवाले मफिन मागणारे बरेच असतात, म्हणून लिहिते. एका स्कूपवर थांबा. व्हेची प्रथिनं तापली की आवळतात आणि पाणी बाहेर टाकतात. पिठाच्या पावपटीच्या वर व्हे गेलं की मफिन आतून कोरडा आणि चावायला रबरी होतो. गरम असताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी डब्यातून काढल्यावर कळतं. चक्का आणि भोपळा आहे म्हणून इथे थोडं निभावतं.

दोन गोष्टी सांभाळा. व्हे घातल्यावर तापमान १७० ला आणा आणि अठराव्या मिनिटापासून बघायला लागा. सुरी पूर्ण कोरडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला, दोन-चार ओलसर कण लागलेले असतानाच काढायचं. आणि व्हे कोरड्या पिठात चाळूनच मिसळा, ओल्यात थेट टाकलं तर गुठळ्या मोडता मोडत नाहीत.

व्हे नको असेल तर बिनसाईच्या दुधाची पावडर हा माझा आवडता उपाय. शंभराला ३५ ग्रॅम प्रथिनं, मिळायला सोपी, आणि मफिन मऊच राहतो. फक्त वरून लवकर तांबूस होतात.

---

मम_म्हणणारा

बेक केल्यावर प्रथिनं नष्ट होत नाहीत का? आमच्या जिमचा ट्रेनर म्हणतो पावडर गरम करायचीच नाही.

---

आकडेमोड

नाही. उष्णतेने प्रथिनांची घडी उलगडते, रेणू मोडून नाहीसे होत नाहीत. पोटातलं आम्लसुद्धा हेच करतं. ट्रेनरसाहेब अंडी कच्ची खातात का विचारा.

---

इसारकाठची

म्युनिकहून. इथे सप्टेंबर आला की दुकानांबाहेर होक्काइडो भोपळ्यांचे ढीग लागतात. छोटे, गडद केशरी. त्यांची साल शिजून मऊ होते, काढावी लागत नाही. पण गर आपल्या भोपळ्यापेक्षा खूप कोरडा, उकडलेल्या चेस्टनटसारखा पिठूळ. परतायची गरज नाही, उलट मी तीन-चार चमचे दूध घालते, नाहीतर पीठ घट्ट होतं.

चक्क्याऐवजी मागरक्वार्क, म्हणजे इथला बिनसाईच्या दुधाचा चक्क्यासारखा प्रकार. शंभर ग्रॅमला १२ ग्रॅम प्रथिनं, स्निग्धांश जवळजवळ नाहीच, आणि अर्ध्या किलोचा डबा कुठल्याही सुपरमार्केटात. श्रीखंडासाठी आम्ही इथली सगळी मराठी मंडळी तेच वापरतो. @आकडेमोड, आता सांगा किती टक्के?

---

आकडेमोड

२०० ग्रॅमला २४, म्हणजे ९ ग्रॅम वाढ, कॅलरी साठ-सत्तरने कमी. एका मफिनला ७.४ ग्रॅम आणि १६५ कॅलरी. अठरा टक्के. पावडर न घालता इतकं म्हणजे उत्तम.

---

पंपकिन_पॅच_एनजे

अमेरिकेतल्यांसाठी: डब्यातली प्युरी घ्या, १५ औंसांचा डबा म्हणजे ४२५ ग्रॅम. पण डब्यावर नीट वाचा. शेजारी-शेजारी दोन सारखे दिसणारे डबे असतात, एकात नुसता भोपळा, दुसऱ्यात ‘पम्पकिन पाय’ या गोड पदार्थासाठी साखर-मसाला घातलेलं मिश्रण. दुसरा घेतलात तर गुळाचा हिशेब कोलमडलाच. डब्यातला भोपळा हॅलोविनला कोरतात तो नसतो. इलिनॉयमध्ये पिकणारी डिकिन्सन नावाची बदामी सालीची जात असते, आपल्या लाल भोपळ्याच्याच कुळातली. त्यामुळे पाकृ इथे जशीच्या तशी जमते. प्युरी जरा सैल वाटली तर कागदी टॉवेलवर पसरून वरून दुसरा टॉवेल दाबा, कढई काढायला नको.

---

लाजरीबुजरी

आज केले. वरून छान फुगले, बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत मध्ये बसले. खाली बोटभर थर चिकट, ओला. चव चांगली आहे म्हणून खाल्ले सगळ्यांनी. काय चुकलं असेल?

---

डबेवाली_ठाणे

गर किती परतला होतास? आणि चक्का घरचा की दही तसंच घातलंस?

---

लाजरीबुजरी

गर मिक्सरला फिरवला, परतला नाही. निथळला होता चाळणीत. दही घट्टच होतं म्हणून टांगलं नाही.

---

डबेवाली_ठाणे

मग तेच. न आटवलेल्या गरात आणि न टांगलेल्या दह्यात मिळून वाटीभर तरी जास्तीचं पाणी गेलं. सोड्याने फुगवलं, पण आतल्या ओल्या पिठाला उभं राहायला जोर नव्हता. ओट्स आणि डाळं यांत ग्लुटेन (गव्हातलं चिवट प्रथिन) नाही, गव्हाच्या पिठासारखी जाळी धरत नाही. जे काही धरतं ते अंडं.

आता यापुढे एवढं कर: गर आटव, दही टांग. तरीही धाकधूक वाटत असेल तर ओट्सच्या १२० पैकी निम्मी कणीक घाल. प्रथिनं जवळपास तीच राहतात, उभे मात्र नीट राहतात. कणीक घातलीस की फार फेटू नकोस, चिवट होतात. आणि कप पाऊणच भर.

---

तूप_सुटेपर्यंत

+१. शिवाय ओटीजीचा काटा सांगतो तेवढं तापमान आत असतंच असं नाही. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. माझ्या जुन्या ओटीजीत १८० वर काटा ठेवला की आत १६० भरायचं. चिकट तळाचं ते एक कारण असू शकतं. आणि मफिन ट्रेमध्येच गार होऊ देऊ नका, पाच मिनिटांनी जाळीवर काढा, वाफ खाली साचते.

---

माडाच्या_सावलीत

अवांतर आहे, चालवून घ्या. भाजी घालून केक ही काही परदेशातून आलेली गोष्ट नाही. आमच्या मालवणाकडे जून काकडीचं धोंडस आणि तवसळी पिढ्यान् पिढ्या होते. काकडी किसायची, तांदळाचा रवा भाजून घ्यायचा, गूळ, ओलं खोबरं, वेलची. टोपात ओतून खाली मंद आच आणि वर झाकणात निखारे. कडेला जी करपट-खरपूस पापडी धरते तिच्यावरून भावंडांत मारामाऱ्या. काकडीचं पाणी रव्यात मुरतं, तेच इथे भोपळ्याचं पाणी ओट्समध्ये.

मुद्द्यावर येते. ओव्हन नसलेल्यांनी आप्पेपात्रात करून बघा. याच पिठाचे. प्रत्येक खळग्यात तेलाचे दोन थेंब, पाऊण भरायचं, झाकण ठेवून अगदी मंद आच. चार-पाच मिनिटांनी काडीने उलटायचे. गूळ असल्यामुळे आच जरा वाढली की खालून करपतात, आत कच्चे. शाळेच्या छोट्या सुट्टीच्या डब्याला तोंडात एक-एक जाईल असे होतात.

---

वऱ्हाडी_ठेचा

आप्पेपात्र म्हटल्यावर आमच्या सौ.ने ऐकलं. आता मला करावंच लागते.

---

निवांत_नाना

मला मधुमेह आहे. साखर नाही, गूळ आहे, म्हणजे मी दोन खाऊ शकतो असं सूनबाईचं म्हणणं. मंडळींनी खुलासा करावा.

---

पथ्यपाणी

नाना, मी आहारतज्ज्ञ आहे. गुळाने रक्तातली साखर साखरेसारखीच चढते. गुळातले खनिजांचे अंश खरे आहेत, पण एका मफिनमध्ये साडेसात ग्रॅम गूळ येतो, तेवढ्यातून त्यांचा काय उपयोग होणार. तुमच्यासाठी गूळ निम्मा करा, ४५ ग्रॅम. भोपळा, दालचिनी आणि जायफळामुळे तो तितका फिका लागत नाही. पूर्ण काढू नका, गूळ ओलावाही धरतो, काढला तर पोत बदलतो. आणि मफिन जेवणानंतर गोड म्हणून नको, चहाबरोबरच्या बिस्किटांच्या जागी घ्या. एक.

सगळ्यांसाठीच: आयसीएमआर-एनआयएन या आपल्या सरकारी वैद्यकीय आणि पोषण संशोधन संस्थांच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. दोन वेळचं वरण, उसळ, दही, एखादं अंडं यांतून बरीचशी भरून निघतात, आणि जिथे कमी पडतात तिथे असा एखादा खाऊ कामाला येतो. डाळं आणि ओट्स एकत्र घेतल्याचा फायदा असा की डाळीत लायसिन (प्रथिनांचा एक घटक, अमिनो आम्ल) भरपूर आणि धान्यात ते कमी, मेथिओनिन या दुसऱ्या घटकाचं नेमकं उलट. दोन्ही मिळून जमतं, आपल्या वरण-भातासारखंच. याच संस्थांच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असंच सांगितलंय. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र ‘प्रथिनयुक्त’ म्हणून काहीही वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं. नाना, तुमचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) शेवटचं कधी तपासलं?

---

निवांत_नाना

दिवाळीत. ठीक होतं. एकाच मफिनवर तह झाला आहे, सूनबाई नाराज.

---

तुळशीवृंदावन

आमच्याकडे अंडं घरात येत नाही. बिनअंड्याचे कसे करायचे? आणि प्रथिनं किती कमी होतील?

---

डबेवाली_ठाणे

अंड्यांची १८ ग्रॅम जातात. तीन मोठे चमचे जवसाची पूड नऊ चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, बुळबुळीत झाली की अंड्यांच्या जागी घाला. तिच्यातून ४ ग्रॅम येतात. उरलेल्या १४ साठी @तूप_सुटेपर्यंत यांची बिनसाईच्या दुधाची पावडर ४० ग्रॅम. एकूण पुन्हा ८०.

ओट्स निम्मे, कणीक निम्मी हे इथे ऐच्छिक नाही, अंडं नसल्यामुळे कणीक हवीच. बेकिंग पावडर दीड चमचा करा. ओव्हन १७० ला ठेवा, दूध पावडर लवकर रंग धरते. पावडर पाणी ओढून घेते, तेव्हा पीठ फार घट्ट झालं तर भोपळ्याचं निथळलेलं पाणीच चमचा-चमचा घाला.

---

साखरझोप

किती टिकतात? पावसात काहीही बुरसतं इथे.

---

डबेवाली_ठाणे

ओलावा जास्त, साखर कमी, त्यामुळे लवकर खराब होतात. पावसाळ्यात बाहेर एक दिवस, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. फ्रिजमध्ये चार दिवस. मी निम्मे त्याच दिवशी, पूर्ण गार झाल्यावर, एकेक गुंडाळून फ्रीझरला टाकते. दोन महिने सहज राहतात. सकाळी डब्यात तसाच टाकला की दुपारपर्यंत मऊ. मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या मिनिटाच्या वर ठेवू नका, डाळं कडक होतं.

---

तुळशीवृंदावन

केले, बिनअंड्याचे. कणीक निम्मी, दूध पावडर ४० ग्रॅम, सांगितल्याप्रमाणे. फुगले कमी, माथा सपाट राहिला, पण मध्ये बसले नाहीत आणि तळही कोरडा. जवसाचा वास पहिल्या दिवशी जाणवला, दुसऱ्या दिवशी दालचिनीत मिसळून गेला. लवंग पुढच्या वेळी एकच घालेन. १७० ला २६ मिनिटं लागली. आतला पोत ढोकळ्याच्या आणि केकच्या मधला आहे, आमच्याकडे ते आवडलं. सोयाबीनचं पीठ घातलं तर प्रथिनं वाढतील का?

---

तूप_सुटेपर्यंत

वाढतील, डाळ्यापेक्षा बरीच जास्त असतात. पण २० ग्रॅमच्या वर गेलात तर सोयाचा तो हिरवट वास मफिनवर बसतो. २० ग्रॅम घाला, आधी मंद आचेवर भाजून, आणि तेवढं डाळं कमी करा. लवंग कमी करणार असाल तर सुंठ वाढवा, वास झाकायला तीच जास्त उपयोगी.